फीड कमी केल्यानेच बिट चोंदतं

सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर) अॅल्युमिनियमचा पत्रा कापणाऱ्याला ‘बिट (फिरणारं कापायचं पातं) तुटू नये म्हणून फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, ३०० वर आणा’ असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो उलटा पडेल. १८,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) दोन फ्लूटचं, म्हणजे दोन दात आणि चिप (कापलेला कीस) निघायला दोन खाचा असलेलं बिट ३०० मिमी प्रति मिनिट चालवलं, तर एका दाताच्या वाट्याला जेमतेम ०.००८ मिमी येतं. एवढ्यात दात कापत नाही, नुसता घासतो. तापलेलं अॅल्युमिनियम फ्लूटमध्ये चिकटतं आणि मग बिट मोडतं. ३ मिमीचं सिंगल फ्लूट (एकाच दाताचं) कार्बाइडचं बिट घ्या, फीड ९००, एका पासला (कापायच्या एका फेरीला) खोली ०.३ मिमी.

पत्र्याचा ग्रेड (अॅल्युमिनियमचा प्रकार) मात्र कुणीच विचारला नाही. ११०० ग्रेड मऊ, त्याचा लगदा होतो. ६०६१-टी६ ची चिप सुटी पडते. बिटवर टीआयएएलएन (टायटॅनियम अॅल्युमिनियम नायट्राइड) कोटिंग टाळा, त्यात अॅल्युमिनियमच असतं, चिकटायला मदतच होते. आणि लाकडाचा भुसा भरलेल्या डस्ट कलेक्टरमध्ये गरम चिप अजिबात ओढू नका, आग लागते.