‘नाइटमेअर’सारखा खेळ शाळेत करायचा आहे: टोप आणि पडद्याबद्दल प्रश्न

कळफलक:
ब्रिटनच्या आयटीव्हीवर १९८७ ते १९९४ मध्ये लागायचा तो ‘नाइटमेअर’ हा मुलांचा खेळाचा कार्यक्रम. स्नेहसंमेलनात तसाच छोटा खेळ करायचा आहे. एक मूल डोळे झाकणारा टोप (शिरस्त्राण) घालून आत, तिघं पडद्यावर त्याला चित्रातल्या भुयारात बघून खड्डे चुकवत वाट सांगणार. वेबकॅम, ओबीएस (कॅमेऱ्याचं दृश्य आणि चित्र एकत्र करणारं सॉफ्टवेअर) टाकलेला लॅपटॉप आणि १२ फूट रुंद जागा आहे. टोप लागतोच का? आणि क्रोमा की (एका रंगाची पार्श्वभूमी काढून तिथे चित्र दाखवणं) लावल्यावर पायांभोवती काळे डाग राहतात, ते कशाने?

निळाई:
टोप ठेवाच, सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे. अँग्लिया टेलिव्हिजनच्या टिम चाइल्ड यांना ‘नाइटमेअर’ची कल्पना ‘अ‍ॅटिक अ‍ॅटॅक’सारख्या स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावरच्या गेममधून सुचली. तिथली खोली प्रत्यक्षात रिकामी, निळी; भुयार फक्त पडद्यावर. मुलाला ती दिसली की त्याच्यापुरतं भुयार संपलं. पायाजवळची जमीन दिसेल एवढी फट खाली ठेवा, तोल जात नाही.

अमेरिकेच्या ‘निक आर्केड’ या तशाच टीव्ही कार्यक्रमात (१९९२) टोप नव्हता. शेवटच्या फेरीत मुलं मॉनिटरवर स्वतःला बघत खेळायची, आणि ६० सेकंदांत तीन पातळ्या! नजर एकीकडे, हात दुसरीकडे; तुमच्या मुलांना ते जड जाईल.

पन्हा३६:
डाग म्हणजे सावल्या. पोपटी मांजरपाट घ्या. ३६ इंची पन्ह्याच्या चार पट्ट्या, प्रत्येकी २० फूट (८ फूट भिंतीवर, १२ फूट जमिनीवर), म्हणजे साधारण २५ मीटर. शिवून इस्त्री करा. भिंत आणि जमीन मिळते तिथे कापड गोलाईने सोडा, घडी पडली की तिथे काळी रेघ येते. मूल मागच्या कापडापासून किमान ५ फूट पुढे हवं. दिवे थेट न मारता पांढऱ्या थर्माकोलवर मारून उजेड परतवा, पायाखालची सावली फिकी होते.

हे झाल्यावरच ओबीएसला हात लावा. सिमिलॅरिटी (पोपटीशी किती जुळणारा रंग काढायचा ते ठरवणारा आकडा) मुळात ४०० असते. डाग घालवायला ती वाढवत गेलात तर बुटांच्या कडा खाल्ल्या जातात. वेबकॅमचं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेड आणि रंग आपोआप बदलणं) बंद करा, नाहीतर गडद कपड्यातलं मूल आत आलं की पोपटी रंगच बदलतो.

कळफलक:
आणि मागचं भुयाराचं चित्र? मूल हवेत तरंगल्यासारखं दिसतंय.

पन्हा३६:
चित्रातली क्षितिजरेषा चुकली आहे. लेन्स ४ फुटांवर असेल तर मूल पुढे असो की मागे, रेषा त्याच्या ४ फूट उंचीवरूनच जायला हवी. कॅमेरा हलवू नका, चित्र वरखाली करा. चित्रातल्या खड्ड्यांच्या कडा जमिनीवर पोपटी टेपने आखून घ्या. टेप पडद्यावर उमटत नाही, पण कडेच्या स्वयंसेवकाला कळतं की पाय कुठे पडला.

निळाई:
एक राहिलं. मूल कॅमेऱ्याकडे तोंड करून आलं की पडद्यावरची उजवी बाजू त्याची डावी होते. खड्ड्यात पडणारे बहुतेक इथेच पडतात. ‘नाइटमेअर’च्या आठ पर्वांत जेमतेम आठ संघ जिंकले, आणि ‘डावीकडे वळ’ व ‘डावीकडे सरक’ यांतला गोंधळही तिथे महागात पडायचा. तिघांपैकी एकानेच दिशा सांगावी, तीही मुलाच्या बाजूने: ‘तोंड तसंच ठेव, उजवीकडे एक पाऊल सरक, थांब.’ बाकीच्या दोघांनी वस्तू आणि कोडी सांभाळावीत.