मदत हवी आहे: तीन एपिस्कोपल चर्चची मिळून एकच फूड पॅन्ट्री (गरजूंना मोफत अन्न वाटण्याचं केंद्र) कशी चालवावी?

सर्वांना सलाम.

मी मूळची नगरची, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेले. आता न्यू जर्सीत असते आणि घराजवळच्या एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन परंपरेच्या, चर्चमध्ये जाते. १९७० साली नागपुरात सीएनआय स्थापन झाली तेव्हा उत्तर भारतातले अँग्लिकनही (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) तिच्यात आले, त्यामुळे इथली उपासना मला परकी वाटली नाही. सध्या मी इथल्या वेस्ट्रीवर, म्हणजे चर्चच्या कार्यकारिणीवर आहे.

आमच्या आसपास आणखी दोन एपिस्कोपल चर्च आहेत. तिन्हीकडची मंडळी रोडावली आहे आणि पूर्णवेळ पाळकांचा पगार एकट्या कुणालाच झेपत नाही. म्हणून तिघांत मिळून एकच पाळक आहेत. उपासनेची घडी बऱ्यापैकी बसली. पाळक दुसरीकडे असतील त्या रविवारी आमच्यातलेच कुणीतरी सकाळची प्रार्थना चालवतात. प्रभुभोजनाला मात्र पाळक लागतातच. कधीकधी शेजारच्या लुथरन पाळकबाई येतात. त्यांच्या ईएलसीए या अमेरिकेतल्या लुथरन चर्चशी एपिस्कोपल चर्चचा २००१ पासून पूर्ण सहभागितेचा करार आहे, त्यामुळे त्यात अडचण नाही. पवित्र सप्ताहही वाटून घेतला: गुरुवारची पाय धुण्याची उपासना एकीकडे, शुभ शुक्रवार दुसरीकडे, ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना तिसरीकडे.

अडलंय ते फूड पॅन्ट्रीपाशी. प्रत्येक चर्चची स्वतःची पॅन्ट्री आहे आणि तिन्हीकडे माणसं कमी पडतात. एकत्र करायची हे सगळ्यांना मान्य आहे, पण कुठे? आमची पॅन्ट्री तळघरात. फ्रीज, फ्रीझर, लोखंडी रॅक सगळं आहे, पण जिना अरुंद आणि उभा. म्हाताऱ्या बायका एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात डबाबंद राजमा आणि दुधाचे कॅन भरलेली पिशवी घेऊन पायरी पायरी वर येतात, ते बघवत नाही. दुसऱ्या चर्चचा हॉल रस्त्याच्या पातळीला आहे, रॅम्पही आहे, पण फ्रीज नाही. माझं स्पष्ट मत आहे की पॅन्ट्री तिकडेच न्यावी. पण ज्या आजींनी ही पॅन्ट्री उभी केली आणि अजूनही दर आठवड्याला डबे लावतात, त्यांना वाटतं की पॅन्ट्री गेली की आपलं चर्चही बंद पडणार. ही भीती मला खोटी म्हणता येत नाही. त्यांना बाजूला सारून काही करायचं नाही.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा:

तिन्ही वेस्ट्र्यांमधला लेखी करार कसा असावा? खर्च मंडळीच्या संख्येवर वाटायचा की सारखा? हॉलचा विमा, किल्ल्या आणि देणगीचा हिशेब कुणाकडे? धान्य देणाऱ्या फूड बँकेशी आमचा करार या जागेपुरता आहे. जागा बदलताना नव्याने तपासणी होईपर्यंत वाटप चालू कसं ठेवलंत?

नगरकडच्या मंडळींनाही विचारते. आपल्याकडे एका पाळकाकडे चार-पाच गावांच्या मंडळ्या असतात. तिथे सामाईक कामाचे पैसे आणि मान कसा सांभाळतात? पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे तिकडच्या मंडळीच्या कार्यकारिणीवर, काम केलेल्या कुणी लिहिलं तर फार उपयोग होईल.

तिन्ही वेस्ट्र्यांची एकत्र बैठक पुढच्या महिन्यात आहे. कुणाकडे अशा कराराचा नमुना असेल तर नावं काढून इथेच टाकलात तरी चालेल.