समूह शाळा : आधी कुलूप की आधी गाडी?

ओढ्यापलीकडचा : ‘वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा म्हणजे पैशाची उधळपट्टी, त्या मोडून एकच सुसज्ज शाळा बांधावी’ असे या चर्चामंचावर एका सदस्याने काल लिहिले, ते वाचून गप्प बसवेना. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून चालवायच्या मोठ्या शाळांचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या १४,७८३ आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार असल्याचे समोर आले होते. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, असे शिक्षण हक्काचे नियम सांगतात. ती कुणाची मेहेरबानी नव्हे. मी वाडीवरच्या दोन खोल्यांत शिकलो. ओढा दुथडी भरला की पलीकडच्या मोठ्या शाळेतील मुले घरी बसत, आमची शाळा मात्र भरत असे.

कालचा सदस्य : आठवणी रम्य आहेत. माझी भाची अशाच शाळेत तिसरीत एकटी होती. वर्गात पहिला क्रमांक तिचा आणि शेवटचाही तिचाच. दोन शिक्षकांपैकी एक कायम माहिती भरण्यात गुंतलेला, दुसरा एकाच खोलीत चार इयत्ता सांभाळणारा. पानशेत आणि तोरणमाळ येथे समूह शाळा उभ्या राहिल्या, त्या काय मुलांना छळण्यासाठी?

निवृत्त केंद्रप्रमुख : दोघेही इमारतीविषयी बोलता, पण निर्लेखनाचे, म्हणजे मोडकळीस आलेली इमारत सरकारी नोंदीतून कमी करून पाडण्याच्या मंजुरीचे, नाव कुणी काढत नाही. माझ्या केंद्रातील एका शाळेची धोकादायक खोली पाडण्याचा प्रस्ताव तीन वर्षे फिरत राहिला. तेवढा काळ मुले व्हरांड्यात बसली, पावसाची झड आली की दप्तरे डोक्यावर धरून भिंतीला चिकटत. पालकांनी एकेक करून दाखले काढले आणि मग त्याच घटलेल्या पटावर बोट ठेवून शाळा बंद करण्याची भाषा सुरू झाली. पट आपोआप घटत नाही, महाशय. तो घटवला जातो.

कालचा सदस्य : प्रत्येक ठिकाणी कटच दिसत असेल, तर चर्चा संपली. लोक इंग्रजी माध्यमाकडे जातात, जन्मदर घटला आहे, कुटुंबे शहरात गेली आहेत. याचाही दोष व्हरांड्यालाच देणार का?

निवृत्त केंद्रप्रमुख : कट म्हटलेले नाही, दिरंगाई म्हटले आहे. आवाज खाली ठेवा.

ओढ्यापलीकडचा : स्थलांतराचा मुद्दा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. सहावीपासूनची मुले मोठ्या शाळेत जाण्यासही माझी हरकत नाही. परंतु वाहतुकीसाठी समग्र शिक्षा योजनेत मुलामागे वर्षाला कमाल ६,००० रुपये आहेत. घाटातल्या आडवळणी वस्तीवर चार मुलांसाठी त्या रकमेत वर्षभर कोणता जीपवाला येणार, ते सांगा. आणि तो एक दिवस आला नाही, तर सहा वर्षांच्या पोरीला कोण पोचवणार?

कालचा सदस्य : बरे, गाडी आधी आणि कुलूप नंतर, एवढे तुमच्या समाधानासाठी मान्य. फक्त त्या ओढ्यावर साकव कोण बांधणार, तेही सांगा. नाहीतर गाडी अलीकडे आणि मुले पलीकडे.