सल्ला हवा: ग्रँड सेइकोचं स्नोफ्लेक घ्यावं की व्हाइट बर्च?

अनुजा_कोथरूड:
नमस्कार मंडळी. यंदा स्वतःसाठी एकच चांगलं घड्याळ घ्यायचं ठरवलंय. दागिन्यांची हौस नाही, त्यामुळे घरून परवानगी (!) मिळाली. स्नोफ्लेक आणि व्हाइट बर्च या दोघांत घोडं अडलंय. मनगट बारीक, साडेपंधरा सेंमी. वापर रोज ऑफिसला. एप्रिलमध्ये जपानला जातेय, तर तिथूनच घेऊ का? आणि स्नोफ्लेकमधलं स्प्रिंग ड्राइव्ह यंत्र म्हणजे शेवटी बॅटरीवरचंच ना?

चावीवाला:
बॅटरी अजिबात नाही. ताकद मुख्य स्प्रिंगचीच, हात हलला की ती भरते. फरक वेग आवरण्यात आहे. नेहमीच्या यांत्रिक घड्याळात ते काम बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक करतं. इथे शेवटचं चाक फिरताना किंचित वीज तयार होते, तिच्यावर क्वार्ट्झ आणि छोटं सर्किट चालतं आणि तेच त्या चाकाला चुंबकीय ब्रेक लावतं. म्हणून सेकंद काटा टिकटिकत नाही, सरकत राहतो. योशिकाझू आकाहाने या अभियंत्याने १९७७ च्या सुमारास ही कल्पना मांडली, घड्याळ बाजारात यायला १९९९ उजाडलं. स्नोफ्लेकमध्ये ९आर६५ यंत्र आहे: महिन्याला १५ सेकंद पुढेमागे, पूर्ण भरलं की ७२ तास चालतं.

व्हाइट बर्च (एसएलजीएच००५) पूर्ण यांत्रिक, सेकंदाला १० ठोके, ८० तास. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या पुरस्कारांत पुरुषांच्या घड्याळाचं बक्षीस यालाच मिळालं.

योकोहामाची_सून:
अनुजाताई, मी दोन्ही हातात घेऊन पाहिली आहेत, म्हणून सांगते. फोटोंवर जाऊ नका. स्नोफ्लेकची तबकडी नागानो प्रांतातल्या शिओजिरीत, शिन्शू स्टुडिओत बनते. होताका डोंगरांतला वाऱ्याने घासलेला बर्फ ही मूळ कल्पना. गंमत म्हणजे त्यात पांढरा रंग नाहीच. चांदीचा मुलामा आणि खाली खरखरीत पोत, त्यामुळे ढगाळ दिवशी ती करडी दिसते नि ऊन पडलं की उजळते. दुकानातल्या झगमगाटात यातलं काही कळत नाही. विक्रेत्याला सरळ म्हणा, खिडकीपाशी पाहायचंय. कोणी नाही म्हणत नाही.

बर्च त्याच्या उलट, लांबूनच ओरडून सांगतं. इवाते प्रांतातल्या भूर्ज (बर्च) वनांवरून घेतलेले खोल उभे चरे आहेत. सुंदर आहे, पण रोज बघून मला दमायला होईल.

मिसळ_आणि_मिनिटं:
एवढ्या पैशात वन बीएचकेचं डिपॉझिट होईल. माझं एचएमटी वेळ दाखवतंय. (आणि हो, एचएमटीची घड्याळंही सुरुवातीला जपानच्या सिटिझनच्या मदतीनेच बनली. तेव्हा जपानी घड्याळ माझ्याकडेही आहे!)

चावीवाला:
मिसळराव, विषयाला धरून. 😄 अनुजाताई, खरा प्रश्न मापाचा आहे. स्नोफ्लेक ४१ मिमी, पण पट्टा जोडतो त्या टोकापासून टोकापर्यंत ४९ मिमी. साडेपंधराच्या मनगटावर ते कडेला येईल. टायटॅनियम असल्याने हलकं लागतं, एवढीच सवलत. बर्च ४० मिमी, जाडी ११.७, जरा आटोपशीर बसतं, पण स्टीलचं म्हणून वजनदार. ऑफिसला फुल शर्ट घालत असाल तर जाडी जाणवेलच. दोन्हींच्या क्लास्पला (पट्ट्याच्या बकलला) बारीक अ‍ॅडजस्टमेंट नाही. उन्हाळ्यात मनगट सुजलं की कुरकुर होते.

तिसरा पर्याय बघा: ग्रँड सेइकोचंच शुनबुन, एसबीजीए४१३. ४० मिमी, टायटॅनियम, यंत्र तेच स्प्रिंग ड्राइव्ह. चेरीच्या बहराची इतकी पुसट गुलाबी छटा की अनेकांना पांढरीच वाटते.

योकोहामाची_सून:
शुनबुनला माझंही मत! खरेदीचं म्हणाल तर पर्यटकांना १० टक्के विक्रीकर माफ असतो, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. पट्ट्याच्या कड्या तिथेच काढून घ्या आणि काढलेल्या कड्या मागून घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख नि शिक्का तपासा.

कस्टम_काका:
आणि परतताना रेड चॅनल, म्हणजे विमानतळावर कस्टमला सामान जाहीर करायची रांग. मनगटावर बांधलं म्हणून ते जुनं ठरत नाही. ड्युटी-फ्री मर्यादेच्या कितीतरी वर आहे. ड्युटी धरून हिशेब मांडा आणि मुंबईतल्या अधिकृत विक्रेत्याचा भावही विचारा. बऱ्याचदा जपानची स्वस्ताई विमानतळावरच संपते.

अनुजा_कोथरूड:
काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं! मग आधी मुंबईत तिन्ही मनगटावर घालून बघते. बर्च जवळजवळ बाद. शुनबुन चामड्याच्या पट्ट्यावर कसं दिसतं? कोणाकडे फोटो आहे का?