उजवी बाजू गेली की वाचा का जाते?

खाडीपलीकडचा:
'अंगावरून वारं गेलं' म्हणतात त्या पक्षाघाताबद्दल. उजवा हात-पाय लुळा पडला की बोलणंही जातं, डावा पडला तर बहुधा शाबूत राहतं. असं का? आणि गुहागरच्या बाजूला असं झालं तर जवळचा दवाखाना की थेट चिपळूण?

माडाची सावली:
वाऱ्याचा संबंध नाही, प्रश्न रक्ताचा. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला १५ ते २० टक्के वाटा त्याचा, आणि साठवण शून्य. मानेत पुढून दोन कॅरोटिड, मणक्यांतून दोन व्हर्टेब्रल धमन्या वर जातात. मेंदूच्या तळाशी त्यांचं कडं जुळतं, म्हणून एखादी हळूहळू बुजली तर कधीकधी बाकीच्या निभावून नेतात. कड्याच्या पुढे फांदीत गुठळी अडकली की ती सोय फारशी उरत नाही. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून डावीकडची मधली फांदी तुंबली तर उजवी बाजू आणि बहुतेकांची भाषा एकदमच जाते. दोन्हींची केंद्रं तिच्याच पाटावर आहेत. मागच्या धमन्या तुंबल्या तर तोल जातो, एकाचे दोन दिसतात, उलट्या होतात. 'पित्त झालंय' म्हणून कोकम सरबत पाजतात ते इथेच.

रातांबा:
१०८ लावा. जवळचा दवाखाना नव्हे, सीटी स्कॅन चालू आहे आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळतं तो गाठा. निघण्याआधी फोन करून विचारा. इंजेक्शनची मुदत साडेचार तास, तीही पेशंट शेवटचा धड दिसला तेव्हापासून. झोपेतून उठल्यावर कळलं तर झोपायला गेला ती वेळ लिहून न्या. चालू गोळ्यांची पाकिटंही.
ॲस्पिरिन देऊ नका, गुठळी की रक्तस्राव हे सीटीशिवाय कळत नाही. पाणीसुद्धा नको, ठसका लागून फुप्फुसात जातं. बीपी २०० दिसलं म्हणून घरच्या घरी जिभेखाली गोळी नको. मेंदूच्या अर्धमेल्या भागाला त्या दाबावरच थोडंफार रक्त पोचत असतं. डायबेटिस असेल तर साखर तपासा, फार उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं.

खाडीपलीकडचा:
दहा मिनिटांत हात पुन्हा हलू लागला तर?

माडाची सावली:
तरी लगेच निघायचं. मोठा झटका यायचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त. ईसीजी आणि मानेच्या धमन्यांची तपासणी लागतेच; नाडी अनियमित असेल तर गुठळी हृदयातून आलेली असू शकते, मग औषध वेगळं.

रातांबा:
आणि मूळ बहुतेकदा बीपीत. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, सपाट चहाचा चमचा. सुकट, खारा बांगडा, लोणचं त्यातच मोजायचं. मिश्रीही तंबाखूच, दाताला लावली म्हणून सुटत नाही.