ऑस्टरलिट्झ नुसत्या धुक्यामुळे जिंकलं नाही
कुणीतरी लिहिलंय की २ डिसेंबर १८०५ ला रशिया-ऑस्ट्रियाविरुद्धच्या ऑस्टरलिट्झच्या लढाईत फ्रान्सच्या नेपोलियनला धुक्याने तारलं. मला हे अजिबात पटत नाही. धुकं होतंच, पण त्याचा फायदा उठवायची तयारी आधीच झालेली होती. प्रात्झनचं पठार ही त्या मैदानातली सगळ्यात मोक्याची जागा, ती त्याने आपणहून सोडली. आपल्या फौजेची उजवी बगल मुद्दाम कमकुवत दाखवली. म्हातारा रशियन सेनापती कुतुझोव्ह थांबा म्हणत होता, पण रशियाचा तरुण झार अलेक्झांडर याला घाई झाली होती. रशियन-ऑस्ट्रियन फौजेचा मोठा भाग पठार उतरून टेल्निट्झ आणि सोकोल्निट्झ या गावांकडे वळला आणि मधोमध खिंडार पडलं. सकाळी नऊच्या सुमारास नेपोलियनच्या मार्शल सूल्तच्या दोन डिव्हिजन धुक्यातून पठारावर चढल्या.

माझ्या मते खरे मानकरी मात्र नेपोलियनचाच दुसरा मार्शल दावू याचे शिपाई. व्हिएन्नाकडून शंभरावर किलोमीटर दोनेक दिवसांत तुडवत आले. कित्येक जण वाटेतच गळाले, उरलेले थेट त्या उजव्या बगलेवर उभे राहिले. ती फुटली असती तर पठार घेऊनही काय उपयोग होता?

आणि गोठलेल्या साचान तळ्यात हजारो रशियन बुडाले, हे नेपोलियनच्या स्वतःच्या पत्रकातलं आहे. पुढे तळं उपसलं तेव्हा माणसांची प्रेतं मोजकीच निघाली, घोडे आणि तोफाच जास्त. ती गोष्ट खरी म्हणून पुढे ढकलू नये. २६ डिसेंबरला फ्रान्स आणि ऑस्ट्रियात प्रेसबर्गचा तह झाला, आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये जर्मन राज्यांचं जुनं पवित्र रोमन साम्राज्य विसर्जित झालं.