मदत हवी आहे : भर पावसात रोपं सुकतायत, कुठलं औषध मारू?

रानवाट_पेडणे
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. गावात आम्ही काही जण मिळून छोटं रान उभं करतोय, वनमहोत्सवाच्या आठवड्यात रोपं लावली, काजू सोडला तर सगळी देशी, एकही शोभेचं झाड नाही. सुरुवातीला छान पालवी फुटली आणि आता पानं पिवळी पडून माना टाकतायत. पाऊस चालूच आहे म्हणजे पाणी कमी पडायचा प्रश्नच नाही, तरी मधे उघडीप झाली तेव्हा पोरांनी बालद्या भरून पाणी घातलं. त्याने काहीच फरक नाही, उलट वाढतच चाललंय. दर रविवारी येणारी माणसं आता विचारायला लागलीत की ताई, ह्याचा काय उपयोग. कुठलं औषध मारायचं तेवढं सांगा, चवथ (गणेशचतुर्थी) सुरू झाली की कामाला कोणी मिळणार नाही.

कुळागरवाला
वाळवी. शंभर टक्के वाळवी. आमच्या कुळागरात नवीन माडांना लागली होती तेव्हा बुंध्याशी करंजाची पेंड घातली, पंधरा दिवसांत फरक. लगेच घाला.

भिरंडसोल
औषध सांगण्याआधी जरा माहिती द्या ना ताई. रोपं कुठली कुठली आहेत? खड्डा केवढा घेतलाय? जागा उताराची की सपाट? वरचा सडा (कातळाचं पठार) की खालचं भाट (बागायतीची सखल जमीन)? आणि सगळीच सुकतायत की काही बरी आहेत? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.
@कुळागरवाला भाऊ, भर पावसात ओल्या मुळांना वाळवी एवढी कशी लागेल, ती सुक्या दिवसांत जास्त.

गच्चीवरची_बाग
माझ्याकडे मडगावला गच्चीवर मोगरा आणि कढीपत्ता आहे, त्याची पानं अशीच पिवळी पडायची. आंबट ताक पाण्यात मिसळून घातलं आणि एकदम हिरवागार झाला. करून बघा, खर्च काहीच नाही.

रानवाट_पेडणे
ताक किती झाडांना घालणार हो मी 🙏
रोपं : शिवण, सावर, काजू, आंबा, जांभूळ, करंज, ऐन, किंदळ, थोडी भिरंड (कोकम). खड्डे दीड-दोन फुटांचे, मशीनने मारून घेतले. जागा सपाट आहे. शिवण आणि काजू सगळ्यात वाईट अवस्थेत, सावर पण गेल्यात जमा. जांभूळ आणि करंज मात्र ठणठणीत. नर्सरीवाला म्हणाला युरिया मारा.

डिचोली_डोंगर
युरिया अजिबात नको. मुळात लावण्याची पद्धतच बदला. मियावाकी करा. जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी, त्यांच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपं दाट लावतात, त्याआधी माती खोलवर भुसभुशीत करून त्यात शेणखत, भाताचा कोंडा. रोपं उजेडासाठी चढाओढीने वाढतात, दोन-तीन वर्षांत आत शिरायला वाट राहत नाही. लांब लांब एकेक खड्डा करून लावलेली झाडं अशीच मरतात, मी किती ठिकाणी बघितलंय.

सड्यावरचं_गवत
डिचोली_डोंगर, तुम्ही प्रत्येक धाग्यावर मियावाकी सांगता. जेसीबी, ट्रकभर खत आणि दोन-तीन उन्हाळे पाणी, एवढं सगळं घातल्यावर कुठलंही झाड वाढेल. गावातल्या चार माणसांनी ते कुठून आणायचं?
आणि ताई, मला वेगळीच भीती वाटतेय. जागा सपाट म्हणताय, म्हणजे सडा तर नाही ना? सडा असेल तर कृपा करून तिथे झाडं लावू नका. उन्हाळ्यात उजाड दिसतो म्हणून लोकांना पडीक वाटतो, पण श्रावणात जाऊन बघा, बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, सगळा सडा निळा-पांढरा झालेला असतो. तिथे मुळातच झाडाचं रान नसतं, गवताचं असतं. मोकळा सडा दिसला की रोपं घेऊन धावायचं, ह्याचा मला खरंच त्रास होतो.

डिचोली_डोंगर
मी कुठे म्हटलं सड्यावर लावा? पद्धत सांगितली. आणि खत विकतच आणायला हवं असं काही नाही, गावात गोठे आहेत ना.

भिरंडसोल
थांबा दोघे. ताईंनी महत्त्वाची गोष्ट सांगितलीय. जांभूळ-करंज बरी आणि शिवण-काजू-सावर मरताहेत. जांभूळ, करंज दोन्ही ओढ्याकाठची झाडं, पाय पाण्यात राहिले तरी त्यांना चालतं. शिवणीला आणि काजूला साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही. मला वाटतं मुळं कुजताहेत.
ताई, मरायला टेकलेलं एक रोप हलकेच उपसून बघा. मूळ काळं पडलंय का, चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरतो का, आणि वास घ्या. मग नखाने खोड जरा खरवडा, आत हिरवं असेल तर जीव आहे. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढताच येत नाही, म्हणून ते तहानेल्यासारखं दिसतं, आणि आपण आणखी पाणी घालतो.

मातीमित्र
कूज असेल तर ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळून द्या. मी सगळ्या झाडांना तेच देतो.

भिरंडसोल
पाणी साचलेलं असताना ट्रायकोडर्मा देऊन काय होणार? मुळांना हवा हवी. आधी पाणी काढा.

रानवाट_पेडणे
आत्ताच जाऊन आले. तुम्ही म्हणता तसंच आहे 😟 शिवणीचं मूळ काळं, साल हातात आली, खड्ड्यात खाली कुजलेल्या अंड्यासारखा वास. शेजारच्या रिकाम्या खड्ड्यात काठोकाठ पाणी, काल दिवसभर पाऊस नव्हता तरी. पण असं कसं, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत पाणी झिरपून जातं ना? वर सडा आहे, पण आमची जागा सड्यावर नाही, खाली जुन्या चिरेखाणीत आहे. वीसेक वर्षं बंद, वर लाल माती टाकून सपाट केलेली.

भिरंडसोल
चिरेखाण!! ताई हे पहिल्या पोस्टमधे लिहायचं ना.

जुना_चिरेकार
बाय, मी उभं आयुष्य चिरे काढण्यात घालवलं म्हणून सांगतो. चिरा जमिनीतून काढताना मऊ असतो, कोयत्याने तासता येतो. त्याला हवा-ऊन लागलं की टणक होतो, म्हणून तर त्याची घरं उभी राहतात. तुमच्या खाणीचा तळ वीस वर्षं उघडा पडलेला, तो आता सिमेंटसारखा. वरून दोन फूट माती टाकली, त्या मातीतून मशीनने थेट तळापर्यंत खड्डे मारले, तळात पण थोडा शिरला असेल. आता तो खड्डा म्हणजे टाकी. आजूबाजूच्या मातीतलं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नाही.
पिकास आणि पहार घ्या. खाणीचा तळ कधीच अगदी सपाट नसतो, पाणी उपसायला एका बाजूला उतार ठेवलेला असतो. पाऊस थांबल्यावर पाणी कुठल्या कोपऱ्यात जमतं ते बघा, तो उतार. प्रत्येक ओळीच्या खालच्या अंगाने तळापर्यंत चर खणा, खड्डे त्या चराला जोडा. एका रविवारचं काम आहे, दहा माणसं असली तर.

सत्तरीचं_रान
एवढा त्रास कशाला? ऑस्ट्रेलियन अकेशिया लावा. खाणींच्या डंपवर (टाकाऊ मातीच्या ढिगांवर) काही उगवत नाही तिथे तो उगवतो, नत्र पण धरतो जमिनीत. हिरवं झालं म्हणजे झालं.

सड्यावरचं_गवत
नका. अकेशियाचा पाला लवकर कुजत नाही, खाली थर साचतो, त्यात गवत पण धड येत नाही. बी सगळीकडे पडून आजूबाजूच्या डोंगरात शिरतो. आणि उद्या नको झाला तर तोडायला गोव्याच्या 1984 च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी घेत बसा.

सत्तरीचं_रान
आमच्या डोंगरावर अकेशियामुळे सावली तरी झाली. जळणाला लाकूड मिळतं. शहरातल्या लोकांना काय कळणार.

सड्यावरचं_गवत
मी पण सत्तरीतलाच, वाळपईचा आहे. केरीची आजोबाची राय बघितलीय का? देवाच्या धाकाने राखलेलं रान, मोठाले वृक्ष, खाली वेली, बुरशी, पाणी. तसलं रान हवं असेल तर अकेशियाने होणार नाही.

माटोळीचा_मांडव
विषय निघालाच आहे म्हणून, कडेला केवण, कुडा, कवंडळ असं पण येऊ द्या हो. चवथीच्या माटोळीला (गणपतीवर रानफळं-वेली बांधतात त्या मांडवीला) आता सगळं म्हापशाच्या बाजारातून विकत आणावं लागतं, पूर्वी घराच्या मागे डोंगरात जाऊन आणायचो. मुलांना कांगणीची फळं ओळखता येत नाहीत.

डिचोली_डोंगर
माटोळीसाठी ओरबाडतात म्हणूनच ह्या वेली कमी झाल्यात, ते पण बोला. मुळासकट उपटून विकायला आणतात.

भिरंडसोल
माटोळीचा वेगळा धागा काढा प्लीज, चांगला विषय आहे.
ताई, चिरेकार मामा म्हणतात ते आधी करा. त्यात भर एवढीच की ज्यांचं खोड खरवडल्यावर हिरवं निघतं ती शिवण, काजू, आंब्याची रोपं मातीसकट उचलून दीड-दोन फुटी उंचवट्यावर लावा, खाली नको. काळं झालेलं मूळ कात्रीने छाटा. आत्ता केलंत तर पाऊस जाईपर्यंत नवी मुळं धरतील, ऑक्टोबरच्या उन्हात केलंत तर जगणार नाहीत. खालच्या ओल्या कोपऱ्यात जांभूळ, करंज, अर्जुन आणि कडेने केवडा. खत आत्ता काहीच नको, युरिया तर नकोच.

कुळागरवाला
उंचवट्यावर लावलं तर उन्हाळ्यात पहिलं तेच सुकणार. पातेरा (सुका पाला) घाला बुंध्याशी भरपूर, पण बुंध्याला टेकवून नको, तेव्हा खरंच वाळवी येते.

जुना_चिरेकार
खरं आहे. म्हणून सगळं पाणी बाहेर काढू नका. खालच्या कोपऱ्यात माती काढून तळी होऊ द्या, खाणीत पाणी बरंच टिकतं, मार्चपर्यंत तरी बालद्यांनी घालता येईल. पण कुंपण घाला. चिरेखाणीच्या पाण्यात पोरं बुडतात, दर पावसाळ्यात ऐकतो. काठ उभा ठेवू नका, पायऱ्यांसारखा उतरता करा, म्हणजे गुरं-माणूस पडलं तर चढून येईल.

रानवाट_पेडणे
मामा, भिरंडसोल, खूप आभार. आज संध्याकाळी आम्ही तिघांनी एका ओळीत चर खणून बघितला. पहार तळावर आपटली की खणखण वाजते, हात भरून आले, पण चर खड्ड्याला भिडला तसं काळं पाणी भसाभस बाहेर आलं, वास सहन होत नव्हता. रविवारी सगळ्यांना बोलावलंय. कुंपणाचं पंचायतीत बोलते. एकच विचारायचंय, भिरंडीचं काय? ती मेली नाही पण वाढत पण नाही, पानं करपल्यासारखी.

भिरंडसोल
तिला लहानपणी सावली लागते. उघड्यावर लावली असेल तर ऊन लागतंय. माडाच्या झावळ्या रोवून पश्चिमेकडून आडोसा करा, दोन वर्षांनी शेजारचं करंज वाढलं की झावळ्या काढा. खड्ड्यात पाणी असेल तर आधी तिचा पण चर काढा.

सड्यावरचं_गवत
आणि डिसेंबरपर्यंत चारी बाजूंनी गवत कापून जाळरेषा घ्या. वरच्या सड्यावरून वणवा खाली येतो. रविवारी मी येऊ शकतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, माझी पहार घेऊन येतो.